फळा आणि पाषाण

नाशिकची पांडवलेणी पाहावयास मी दर वर्षी सातवीची मुले घेऊन जाते. पोरे पायऱ्या मोजतात, मी शिलालेख दाखवते. दहाव्या लेण्यातील एका लेखाने मात्र मध्यंतरी माझी झोप उडवली, त्याची ही हकीकत.

क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने सुमारे १९०० वर्षांपूर्वी हे लेणे भिक्षुसंघाला दिले. शिवाय गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३००० कार्षापणे कायम ठेव म्हणून ठेवली. २००० एकीकडे शेकडा एक दराने, १००० दुसरीकडे शेकडा पाऊण दराने. मुद्दल मोडावयाचे नाही; व्याजावर भिक्षूंची वस्त्रे वगैरे चालावयाची. शेवटी लेख सांगतो, की हे सर्व निगमसभेत जाहीर केले आणि रिवाजाप्रमाणे ‘फलकवारा’त, म्हणजे दप्तरात, नोंदवले. आज ती सभा नाही, श्रेणी नाहीत, दप्तरही नाही. उरली आहे ती दगडावरची प्रत!

वाचक म्हणतील, यात झोप उडण्यासारखे काय? सांगते.

मी मॅट्रिक झालेली मास्तरीण. मुलांसाठी नाशिकच्या इतिहासाची टिपणे मी नऊ वर्षे इंटरनेटवर लिहीत आले. एका पावसाळ्यात, सहलीच्या आदल्या रात्री, टिपण उघडू गेले तो पांढरा पडदा आणि त्यावर इंग्रजीची एकच ओळ. माझी पाने गेली होती.

माझा एक जुना विद्यार्थी धावून आला. म्हणाला, “बाई, तुमच्याकडे पाने नव्हतीच कधी. होती ती कोठी आणि आचारी. वाचक दारात आला, की आचारी कोठीतून जिन्नस काढून तेवढ्यापुरते पान वाढतो. कोठीचे दार अडले, की सगळे उपाशी.”

त्याने मग या विद्येचा इतिहासच सांगितला. १९९१ साली जिनीव्याजवळच्या सर्न संस्थेतून टिम बर्नर्स-ली यांनी हे जाळे जगापुढे मांडले, तेव्हा पाने दिवाळीच्या डब्यातील चकलीसारखी तयारच असत. मागितले की काढून द्यावयाचे. पुढे लिहिणारे वाढले आणि हाताने पान बांधणे जिकिरीचे झाले. २००१ साली ‘मुव्हेबल टाइप’ आले. नाव छापखान्यातील सुट्या खिळ्यांवरून घेतलेले. ते मजकूर कोठीत ठेवी, पण पाने आधीच बांधून ठेवी. २००३ सालच्या ‘वर्डप्रेस’ने वाचक आल्यावर पान जुळवण्याची रीत घरोघर नेली. सोय मोठीच; माझ्यासारखीनेही लिहावे, चुकले तर पुसावे. २००८ साली ‘जेकिल’ आले आणि तयार पानांचे दिवस पुन्हा फिरले.

त्याने कुठूनशी कोठीची एक जुनी प्रत मिळवली आणि दोन रात्री बसून एकेका टिपणाचे सबंध पान बांधून दिले. यात तोटेही आहेत. शोधण्याचा रकाना गेला. एक मथळा बदलावयाचा तर सारी पाने पुन्हा बांधावी लागतात. जागेचे भाडे चुकत नाही; हा काही पाषाण नव्हे. पण आता सगळी पाने एका पेनड्राइव्हवर शाळेच्या कपाटात आहेत आणि कोठीवाचून, आचाऱ्यावाचून कोणत्याही संगणकावर उघडतात.

एक गोष्ट मात्र परत आली नाही. तांबट आळीतील एका वृद्ध कारागिरांची हकीकत मी लिहिली होती. भांड्यावरचे मठारकाम शोभेसाठी, असे मी ठोकून दिले होते. त्यांनी वाचून मला बोलावले आणि दोन चुका दाखवल्या. मी घरी येऊन जुने पुसले, नवे लिहिले. सोयच तशी होती. मिळालेली प्रत त्याच्या आधीची निघाली. माझ्या चुका जिवंत झाल्या, त्यांचे शब्द गेले. आणि आता विचारावे तर ते नाहीत.

त्यानंतर सहलीला गेले, तेव्हा तिसऱ्या लेण्यापाशी मी जरा अधिक थांबले. तेथे गौतमीपुत्र सातकर्णीची आज्ञा आहे, राज्यवर्ष १८: भिक्षूंना २०० निवर्तने शेत दिले. तिच्यालगतच राज्यवर्ष २४ ची, त्याची व राजमातेची आज्ञा: पूर्वी दिलेले शेत कोणी कसत नाही, गावही वसलेला नाही, म्हणून नगराच्या सीमेवरील १०० निवर्तने द्यावीत. पहिली आज्ञा कोणी छिन्नीने खरवडली नाही. चूक आणि दुरुस्ती, दोन्ही एकाच भिंतीवर, आपापल्या सालासह नांदत आहेत.

शाळेत आम्ही मास्तरमंडळी रोज फळा पुसतो. पुसलेला फळा स्वच्छ दिसतो, एवढेच.

घरी येऊन मी तांबटकाकांचे पान काढले. जुना मजकूर तसाच ठेवला. खाली तारीख घालून लिहिले: ‘दुरुस्ती. मठारकाम केवळ शोभेचे नव्हे. ठोके बसून पत्रा कठीण होतो आणि भांडे टिकते. ही चूक काकांनी स्वतः दाखवली. त्यांनी आणखी एक चूक दाखवली होती. ती मला आठवत नाही.’