एक आढं, वेगळ्या चुली

मालवण पट्ट्यातल्या जुन्या चिरेबंदी घरांत भावांची वाटणी होते, तेव्हा सहसा घर पाडत नाहीत. माजघरात भिंत उभी राहते, पडवीला दुसरं दार पडतं, चुली वेगळ्या होतात. आढं मात्र तेच राहतं आणि बहुतेक वेळा विहीरही तीच. प्रत्येक बिऱ्हाड आपापल्या कारभारात स्वतंत्र असतं, पण पावसाळ्यापूर्वी कौलं परतायची म्हटली की सगळ्यांना एकाच दिवशी सामान हलवावं लागतं. लिनक्समधला ‘सिस्टीम कंटेनर’ हा प्रकार समजावून सांगायला मला याहून जवळचं उदाहरण सापडलेलं नाही.

संगणकातलं आढं म्हणजे कर्नल. यंत्राची स्मृती, प्रोसेसर, डिस्क, नेटवर्क यांवर ज्याची हुकमत चालते तो प्रणालीचा गाभा. व्हर्च्युअल मशीनमध्ये प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतःचं आढं मिळतं. म्हणजे एकाच अंगणात वेगवेगळी घरं. कंटेनरमध्ये कर्नल एकच असतो, पण प्रत्येकाच्या फायली, प्रोसेस, वापरकर्ते, नेटवर्कचा पत्ता स्वतंत्र. आत बसलेल्याला वाटतं, संपूर्ण संगणक आपलाच आहे.

माझा या विषयाशी संबंध आला तो कागदांमुळे. या किनाऱ्यावरच्या चार घराण्यांची दप्तरं मी स्कॅन करून ठेवतो: मोडीतले दस्त, वाटणीपत्रं, खाजण जमिनीचे करार, मुंबईहून आलेली पत्रं. मुंबई-पुण्यातले त्यांचे वारस आपापले कागद घरबसल्या पाहतात. यातल्या दोन घराण्यांचा एकाच जमिनीवरून दावा चालू आहे. दोघांनीही कागद दिले ते एका अटीवर, की समोरच्याच्या नजरेला ते पडता कामा नयेत. माझ्याकडे यंत्र एकच, आठ जीबी रॅमचं. त्यात भिंती कशा घालाव्यात हे शोधताना मी या तंत्राच्या इतिहासात शिरलो. संगणकाचं रीतसर शिक्षण नसल्यामुळे मी इतिहासाच्या वाटेनेच तंत्राकडे जातो.

एका यंत्रात अनेकांची सोय लावणं ही जुनीच गरज आहे. १९६४ साली कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा संगणक आला आणि देशातल्या अनेक संस्था आपली आकडेमोड तिथे करून घेऊ लागल्या. अमेरिकेत आयबीएमने १९७२ साली व्हीएम/३७० आणून एका यंत्रात अनेक भासमान यंत्रं उभी केली. पण ती महागड्या यंत्रांची दुनिया होती. कंटेनरचं कूळ दुसरीकडे आहे, युनिक्समध्ये.

१९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ‘सीएचरूट’ नावाची सोय आली. एखाद्या प्रोसेसला एक ठरावीक फोल्डर हेच सगळं जग आहे असं भासवायचं. भिंत खरी, पण ती फक्त फायलींपुरती. पलीकडच्या प्रोसेस दिसत, नेटवर्क सामायिक राही आणि ‘रूट’ हा सर्वाधिकारी वापरकर्ता ती भिंत ओलांडू शके. मार्च २००० मध्ये फ्रीबीएसडी ४.० मध्ये पोल-हेनिंग काम्प यांचं ‘जेल’ आलं. इथे रूटलाच आवर घातलेला होता. गरज होती होस्टिंगच्या धंद्याची: एका सर्व्हरवर अनेक गिऱ्हाइकं, आणि प्रत्येकाला आपल्या घरात पूर्ण मोकळीक हवी. २००१ मध्ये झाक जेलिना यांनी लिनक्ससाठी व्हीसर्व्हर आणलं, २००५ मध्ये ओपनव्हीझेड आलं. दोन्ही चांगली, पण दोन्हींना मूळ कर्नलला बाहेरून ठिगळ लावावं लागे आणि कर्नल पुढे सरकला की ठिगळ नव्याने शिवावं लागे.

मूळ कर्नलमध्ये भिंती आल्या त्या हप्त्याहप्त्याने. ‘नेमस्पेस’ म्हणजे कुणाला काय दिसावं याची वाटणी. ती २००२ पासून सुरू झाली. कुणी किती वापरावं हा प्रश्न वेगळा होता. गूगलमध्ये पॉल मेनाज आणि रोहित सेठ यांनी २००६ मध्ये हाती घेतलेलं काम ‘सीग्रुप्स’ या नावाने जानेवारी २००८ च्या २.६.२४ या कर्नलमध्ये दाखल झालं.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. सीग्रुप्सचा सांगाडा गूगलचा, पण त्यातली दोन कळीची अंगं आयबीएमच्या भारतातल्या अभियंत्यांनी घडवली. प्रोसेसरचा वेळ गटागटांत वाटण्याच्या कामात श्रीवत्स वड्डगिरी यांचा मोठा वाटा होता. स्मृतीच्या वाटणीचा भाग बलबीर सिंग यांनी लिहिला आणि तो एप्रिल २००८ च्या २.६.२५ मध्ये आला. त्या काळात आमच्याकडच्या वर्तमानपत्रांत भारतीय संगणक उद्योग म्हणजे कॉल सेंटर आणि अमेरिकेचा व्हिसा एवढंच माझ्या वाचनात येई. जगभरच्या सर्व्हरांच्या पोटात बसणारा हा मजकूर आपल्या देशात लिहिला जात होता, याची दखल घेतलेली मी तरी पाहिली नाही.

बलबीर सिंग यांच्यापुढचा एक पेच विहिरीच्या हिशेबासारखा आहे. स्मृतीचं एखादं पान दोन गट वापरत असतील, तर ते कुणाच्या खात्यावर मांडायचं? अर्धं-अर्धं म्हटलं तर वापरणारे बदलतील तसा हिशेब सतत बदलत राहणार. त्यांनी नियम ठेवला तो साधा: ज्याने त्या पानाला पहिला हात लावला, त्याच्या नावावर. हा पूर्ण न्याय नव्हे. पण हिशेब ठेवण्यातच यंत्र दमून जाऊ नये, हेही पाहायचं होतं. जुने सामायिक करार वाचताना असले व्यवहारी निवाडे मला पुष्कळ दिसतात.

या नियंत्रणाचा उपयोग मी डोळ्यांनी पाहिला आहे. छापील जुन्या अंकांची अक्षरओळख करून घ्यायला मी एका कंटेनरात टेसरॅक्ट लावतो. एकदा त्या कामाने स्मृतीची ठरवून दिलेली मर्यादा गाठली. कर्नलने त्या कंटेनरातली प्रोसेस मारली आणि बाकीच्या घराण्यांचे कागद मुंबईत उघडलेले होते ते तसेच उघडे राहिले.

सगळ्यात उशिरा आली ती वापरकर्त्यांची वाटणी. एरिक बीडरमन यांचं हे काम फेब्रुवारी २०१३ च्या ३.८ मध्ये वापरण्याजोगं झालं. कंटेनरातला रूट आत शून्य क्रमांकाचा, म्हणजे कर्ता पुरुष. बाहेर मात्र तो १,००,००० क्रमांकाचा कुणी एक सामान्य इसम. फेब्रुवारी २०१४ च्या एलएक्ससी १.० ने अशी बिनअधिकाराची बिऱ्हाडं सर्वांना सोपी केली. व्हिएन्नातल्या प्रॉक्समॉक्सनेही ऑक्टोबर २०१५ च्या ४.० आवृत्तीत ओपनव्हीझेड सोडून एलएक्ससी घेतलं. माझ्या यंत्रावर तेच आहे.

फेब्रुवारी २०१९ मध्ये एक भोक उघडकीला आलं. कंटेनरातला रूट बाहेरच्या यंत्रावरचा, कंटेनर चालवणारा प्रोग्रॅमच बदलू शकत होता. एलएक्ससीची अधिकारवाली बिऱ्हाडं त्याच्या तडाख्यात होती, बिनअधिकाराची नव्हती. मला यातून एवढं कळलं की क्रमांकांची वाटणी हा कागदी सोपस्कार नाही. प्रॉक्समॉक्समध्ये सगळ्या बिनअधिकार कंटेनरांना बाहेर एकच क्रमांकपट्टा मिळतो. एक बाहेर निसटला तर शेजाऱ्याच्या फायलींवर तो त्याच क्रमांकाने उभा राहणार. म्हणून मी प्रत्येक घराण्याला स्वतंत्र पट्टा लावून दिला.

तरीही दाव्यातली दोन घराणी मी कंटेनरात ठेवली नाहीत. आढं एक आहे तोवर आढ्यातली चीर सर्वांची. त्या दोघांना मी स्वतंत्र कर्नल असलेली व्हर्च्युअल मशीन दिली, प्रत्येकी दोन जीबी. निम्मी रॅम तिथेच गेली. उरलेली दोन घराणी आणि माझी सूची कंटेनरांत प्रत्येकी ५१२ एमबीच्या मर्यादेत आरामात राहतात, कारण ती मर्यादा आहे, राखून ठेवलेली जागा नव्हे.

देखभालीचं काम कंटाळवाणं असतं, पण तेच खरं काम. रोज रात्री प्रत्येकाची बॅकअप प्रत दुसऱ्या डिस्कवर जाते. वीज गेली आणि परत आली, की आधी सूची, मग घराणी, असा उठण्याचा क्रम ठरवून ठेवलेला आहे. मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर मी तो लावला. यजमान यंत्राच्या कर्नलची नवी आवृत्ती आली की मात्र सगळ्यांनाच थांबावं लागतं. त्या रात्री चारही घराण्यांना निरोप जातो: पंधरा मिनिटं कागद दिसणार नाहीत.

यंदा गणपतीनंतर एका घराण्याच्या पुण्यातल्या मुलीने आपलं दप्तर स्वतःकडे मागितलं. सगळं बिऱ्हाड एका फाइलमध्ये बांधून मी तिला पेनड्राइव्हवर दिलं आणि क्रमांकपट्टा एका चिठ्ठीवर लिहून दिला. तिने ते तिच्या यंत्रावर उघडलं, तेव्हा आजोबांचं १९३८ चं वाटणीपत्र पहिल्याच पानावर होतं.