चौथ्या क्रमांकाची पाठशुद्धी

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, हे मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेला ग्रंथ त्यानंतर जवळजवळ तीन शतके हातांनी उतरविला जात होता. नकलाकारांच्या अनवधानाने त्यात अपपाठ शिरले होते आणि एकनाथांनी प्रती ताडून ते दूर केले. या कार्याकडे आपण बहुधा भक्तीच्या अंगाने पाहतो. त्यात एक साधे व्यावहारिक सूत्रही आहे. जे लिहून ठेवले जाते त्यात चूक शिरते आणि ती निघायची तर कोणीतरी जुने कागद पुन्हा वाचावे लागतात. हे सूत्र ग्रंथांपुरते मर्यादित नाही. क्रीडास्पर्धेचे निकालपत्रक हीदेखील एक संहिताच असते. तिलाही लेखनिक असतात, तिच्यातही अपपाठ शिरतात आणि तिलाही संपादकाची वाट पाहावी लागते. प्रस्तुत लेखात अशा दोन संहितांचा विचार करावयाचा आहे. एक फ्रान्समधील शामोनी येथील, १९२४ सालची. दुसरी बेल्जममधील अँटवर्प येथील, १९२० सालची. दोन्हींत कथा आहे ती चौथ्या क्रमांकाच्या माणसाची, आणि अँटवर्पचा तो चौथा माणूस आपला, मराठी आहे.

प्रथम शामोनी. २५ जानेवारी ते ५ फेब्रुवारी १९२४ या काळात आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या या गावात हिवाळी खेळांच्या स्पर्धा झाल्या. त्या वेळी त्यांचे नाव ‘आंतरराष्ट्रीय हिवाळी क्रीडा सप्ताह’ असे होते. ‘पहिले हिवाळी ऑलिंपिक’ हे नाव त्यांना पुढे १९२६ साली देण्यात आले. म्हणजे या संहितेचे शीर्षकच मागाहून घातलेले आहे. स्पर्धेच्या अखेरीस, ४ फेब्रुवारीला, स्की जंपिंगची पुरुषांची स्पर्धा झाली.

हा खेळ आपल्याकडे अपरिचित आहे. बर्फ तर आपल्या मुलखात नाहीच. उतार मात्र आहे. जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागात, वांगणीसारख्या गावांत राहणाऱ्यांना पावसाळ्यातल्या निसरड्या उतारावर शरीराचा तोल कसा राखावा लागतो हे सांगावे लागत नाही. आता असा उतार बर्फाचा आहे, पायांना लांब लाकडी पट्ट्या बांधलेल्या आहेत आणि उतार मध्येच तुटला आहे, अशी कल्पना करावी. खेळाडू त्या कड्यावरून वेगाने हवेत झेपावतो, अंग पुढे झुकवून तरंगतो आणि खालच्या उतारावर उभ्यानेच उतरतो. किती लांब गेला हे फुटपट्टीने मोजता येते. या खेळात मात्र तेवढ्यावर निकाल लागत नाही. झेप कशी घेतली, हवेत शरीर कसे राहिले, उतरताना डळमळले का, यालाही परीक्षक गुण देतात आणि अंतराचे व शैलीचे गुण मिळून क्रमांक ठरतो.

साहित्याच्या अभ्यासकाला हे परिचित वाटावे. काय सांगितले आणि कसे सांगितले, हा आपला जुनाच वाद आहे. ‘कसे’ याला गुण देणारा परीक्षक हा एका अर्थाने समीक्षकच होय. आणि समीक्षकाची अभिरुची तो ज्या परंपरेत वाढला तिच्यातूनच येत असते. १९२४ साली या खेळाची परंपरा मुख्यतः नॉर्वेची होती. उत्तम झेप कशी दिसते याचा आदर्शही तिकडचाच होता.

त्या दिवशी सर्वांत लांब झेप आंदेर्स हाउगेन याची पडली. ती ५० मीटर होती. हाउगेन जन्माने नॉर्वेचा, टेलेमार्क प्रांतातला. तरुणपणी तो अमेरिकेत गेला होता आणि शामोनीत अमेरिकेच्या संघातून खेळत होता. शैलीच्या गुणांत तो मागे पडला. निकाल जाहीर झाला तो असा : नॉर्वेचा याकोब टुलिन टाम्स पहिला, १८.९६० गुण, नॉर्वेचाच नार्वे बोन्ना दुसरा, १८.६८९ गुण, तिसरा थोरलाइफ हाउग, तोही नॉर्वेचा, १८.००० गुण, आणि चौथा हाउगेन, १७.९१६ गुण. तिसऱ्या आणि चौथ्यामधले अंतर ०.०८४ गुणांचे. हाउग आणि हाउगेन ही नावे आपल्या कानाला जवळजवळ सारखी वाटतात; त्यांच्या नशिबात मात्र फार मोठा फरक होता. हाउगने त्याच आठवड्यात तीन सुवर्णपदके मिळविली होती आणि तो नॉर्वेचा लाडका वीर ठरला होता.

हा निकाल पन्नास वर्षे तसाच राहिला. १९३४ साली हाउग वारला. १९७४ मध्ये शामोनीच्या स्पर्धेला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना नॉर्वेच्या दोघांनी जुने गुणपत्रक पुन्हा पाहिले. एक होते थोराल्फ स्ट्रॉमस्टाड. ते स्वतः शामोनीत खेळले होते आणि तेथे त्यांनी दोन रौप्यपदके मिळविली होती. दुसरे होते क्रीडा-इतिहासकार याकोब व्हागे. हाउगच्या गुणांच्या हिशोबात चूक असल्याचे निष्पन्न झाले. बरोबर हिशोब केला तर त्याचे गुण हाउगेनपेक्षा कमी भरत होते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने दुरुस्ती मान्य केली. १२ सप्टेंबर १९७४ रोजी ऑस्लो येथे हाउगच्या मुलीने वडिलांचे ते ब्राँझपदक हाउगेनच्या हाती दिले. तेव्हा हाउगेन ८५ वर्षांचा होता.

या हकीकतीचा भावनिक भाग सर्वत्र सांगितला जातो. आम्हाला तिच्यातील दोन रुक्ष गोष्टी अधिक महत्त्वाच्या वाटतात. पहिली ही की, आकडे जपून ठेवलेले होते. केवळ क्रमांक उरले असते आणि त्यांमागील गुण नष्ट झाले असते, तर चूक कायमची सत्य होऊन बसली असती. दुसरी ही की, चूक शोधणारे हाउगचेच देशबांधव होते. आपल्या वीराचे पदक जाईल हे दिसत असूनही त्यांनी बेरीज पुन्हा मांडली. संपादकाची नीती म्हणतात ती हीच. आवडता पाठ खोटा ठरत असेल तर तो सोडून देण्याची तयारी हवी. परीक्षकांच्या अभिरुचीला मात्र त्यांनीही हात लावला नाही, ही गोष्ट नोंदण्यासारखी आहे. शैलीचे गुण जसे दिले होते तसेच राहिले. दुरुस्त झाली ती आकडेमोड. पाठ शुद्ध करता येतो, अभिरुची मागे जाऊन शुद्ध करता येत नाही.

आता शामोनीच्या चार वर्षे आधीचे अँटवर्प. या स्पर्धेची आपल्याकडची सुरुवात पुण्यात आहे. १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्षपद दोराबजी टाटा यांच्याकडे होते. जिमखान्याच्या शर्यतींत खेड्यांतली तरुण मुले अनवाणी धावताना त्यांनी पाहिली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष बाये-लातूर यांना १९२९ साली लिहिलेल्या पत्रात टाटांनी हा अनुभव सांगितला आहे. शेतात राबणारी, साध्या अन्नावर जगणारी, शास्त्रशुद्ध सरावाची काहीही माहिती नसलेली मुले, अशी या धावपटूंची ओळख त्या पत्रात येते. आणि त्यांच्या वेळा युरोपातील वेळांच्या जवळ जात होत्या, असेही टाटा नमूद करतात. भारतीय ऑलिंपिक संघटना १९२७ मध्ये अस्तित्वात आली. १९२० साली अशी कोणतीही संघटना नसताना टाटांच्या पुढाकाराने सहा खेळाडूंचा संघ अँटवर्पला गेला. त्यात बंगालचे पूर्मा बॅनर्जी होते. धावपटूंत बेळगावचे फडेप्पा दारेप्पा चौगुले, सदाशिव दातार आणि कैकाडी होते. कुस्तीसाठी कुमार नवले आणि रणधीर शिंदे होते. ही नावे वाचताच संघाचा प्रदेश कोणता ते कळते.

२२ ऑगस्ट १९२० रोजी अँटवर्पची मॅरेथॉन झाली. आज मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर असते. अँटवर्पला ते ४२.७५ किलोमीटर होते. फिनलंडच्या हानेस कोलेमाइनेनने ते २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत तोडले. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत पोहोचले आणि एकोणिसावे आले. विजेत्याच्या मागे अठरा मिनिटे. त्या काळी ना प्रशिक्षक होते, ना पूर्वानुभव, हे ध्यानात घेतले म्हणजे या अठरा मिनिटांचे मोल कळते.

कुस्तीत रणधीर शिंदे फेदरवेट गटात, फ्रीस्टाइल प्रकारात उतरले. या गटात अमेरिकेचा चार्ल्स अ‍ॅकर्ली पहिला आला, अमेरिकेचाच सॅम्युएल गर्सन दुसरा, ब्रिटनचा बर्नार्ड तिसरा. शिंदे चौथे. म्हणजे ऑलिंपिक पदकापासून एका कुस्तीच्या अंतरावर एक मराठी मल्ल १९२० सालीच जाऊन पोहोचला होता.

येथे ‘चौथा’ या शब्दाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. आपल्या कुस्तीच्या भाषेत हा शब्दच नाही. जत्रेतल्या फडात रेवड्यांपासून इनामापर्यंत कुस्त्या लागतात. प्रत्येक कुस्ती जोडीची असते. एक जिंकतो, एक हरतो, नाहीतर कुस्ती बरोबरीत सुटते. जिंकलेल्याला फेटा मिळतो, हरलेला पुढच्या जत्रेची वाट पाहतो. तेथे कोणी तिसरा किंवा चौथा येत नाही, कारण तेथे तक्ता नसतो. फडाचा इतिहास लोकांच्या तोंडी असतो. कोणी कोणाला कोणत्या डावावर आस्मान दाखविले हे पन्नास वर्षांनीही गावातला म्हातारा सांगू शकतो. तिकडे निकाल कागदावर राहतो, इकडे तो कथेत राहतो. विजयाची कथा होते, चितपट झाल्याचीही होते; चौथ्या क्रमांकाची मात्र होत नाही. तो केवळ कागदाचाच विषय आहे. म्हणून तो जपायचा तर कागदच जपावा लागतो.

आणि कागदावर काय आहे? ऑलिंपिकच्या नोंदींत या मल्लाचे आडनाव ‘शिंडेस’ असे दिलेले आहे. शिंदे या आडनावाला शेवटी एक ‘स’ चिकटला आहे. आपल्या परिभाषेत हा उघड अपपाठ होय. परक्या भाषेच्या लेखनिकाने अपरिचित नाव लिहिताना असे होणे स्वाभाविक आहे; हस्तलिखितांतही अनोळखी शब्दच सर्वांत आधी बिघडतो. परंतु या एका अक्षराचा परिणाम असा होतो की, त्या यादीवरून नजर फिरविणाऱ्या मराठी वाचकाला आपल्या ओळखीचे आडनाव दिसतच नाही. हाउगची बेरीज चुकली होती, शिंद्यांचे नाव चुकले आहे. बेरीज दुरुस्त करायला नॉर्वेची माणसे लागली. नाव दुरुस्त करायला मराठी जाणणारीच माणसे लागतील, कारण चूक आहे हे दुसऱ्या कोणाला कळणारच नाही.

नोंदीतील देशाचे नावही असेच तपासून वाचावे लागते. १९२० चा ‘भारत’ हा ब्रिटिश सत्तेखालचा भारत आहे. त्याआधी १९०० साली पॅरिसमध्ये दोन रौप्यपदके मिळविणाऱ्या नॉर्मन प्रिचर्ड यांचे नाव आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती भारताच्या खात्यात धरते, पण ते ब्रिटनचे मानावेत असा दावाही अभ्यासकांनी केलेला आहे. प्रिचर्ड यांचा जन्म कलकत्त्याचा. पदक असल्यामुळे त्यांच्यावर वाद तरी झाला. चौथ्या क्रमांकावर कोणी वाद घालत नाही.

पदकाची रेषा स्मृतीला कशी कापते, याचे याहून जवळचे उदाहरण खाशाबा जाधवांचे आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी बँटमवेट गटात ब्राँझपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. दुसऱ्यासाठी १९९६ पर्यंत, लिअँडर पेसपर्यंत, थांबावे लागले. तरीही अर्जुन पुरस्कार खाशाबांच्या वाट्याला आला तो मरणोत्तर, २००० सालचा. खाशाबा १९८४ मध्ये गेले. योगायोगाने हाउगेनही त्याच वर्षी वारला. एकाला चुकलेले पदक हयातीत मिळाले, दुसऱ्याला जिंकलेल्या पदकाचा मान हयातीत पुरता मिळाला नाही. तिसऱ्या क्रमांकाच्या माणसाची ही गत असेल, तर बत्तीस वर्षे आधीच्या चौथ्याची कोण दखल घेणार?

शिंद्यांना पदक मिळायला हवे होते, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. अँटवर्पच्या निकालात अन्याय झाला असे दाखविणारे काही नाही आणि अभिमानापोटी तसे सुचविणे हा नवा अपपाठ ठरेल. स्ट्रॉमस्टाड आणि व्हागे यांनी आपल्या माणसाच्या बाजूने काही घातले नाही. जे होते ते बरोबर वाचले. आपल्यालाही एवढेच करावयाचे आहे. चौथा क्रमांक चौथाच लिहावा, एकोणिसावा एकोणिसावाच लिहावा, परंतु माणसाचे नाव शुद्ध लिहावे आणि तो कोठून, कशा स्थितीत तेथवर गेला हे त्यासोबत लिहावे.

मराठीच्या वर्गात पाठचिकित्सा शिकविताना आपण जुन्या पोथ्यांची उदाहरणे देतो. विद्यार्थी ती पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. त्याऐवजी एकदा ऑलिंपिकची १९२० सालची यादी फळ्यावर लिहावी आणि तिच्यातला अपपाठ शोधायला सांगावा. ‘शिंडेस’मधला तो अखेरचा ‘स’ ज्या विद्यार्थ्याला आपण होऊन खटकेल, त्याला एकनाथांनी प्रती का ताडल्या हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.