सोलमधला नाताळ आणि हल्बर्टमास्तर

तर झालं असं, की डिसेंबर २०१८ मध्ये ताईचा टोरांटोहून फोन आला. "तू सोलला जातेच आहेस, तर पोरीला जरा समजाव. म्हणावं, आता पुरे, घरी ये."

पोर म्हणजे माझी भाची. जन्म, शिक्षण सगळं कॅनडात. दोन वर्षं सोलजवळच्या एका सरकारी शाळेत इंग्रजी शिकवत होती. ताईकडे नाताळाला धार्मिक असं काही नसतं, पण दिवाळीला तिथे कुणाला रजा मिळत नाही, त्यामुळे घरचे सगळे जमतात ते नाताळातच. भाऊजी गेल्यानंतरचा हा दुसरा नाताळ, आणि ही सलग दुसऱ्यांदा जाणार नव्हती.

कारण विचारलं तर म्हणाली, "अगं मावशी, सुट्टी मुलांना असते, मला नाही." ते खरंच होतं. डिसेंबरअखेर तिथल्या शाळा बंद होतात, पण परदेशी शिक्षकांना हिवाळी इंग्रजी शिबिरं घ्यावी लागतात आणि उरलेले बरेच दिवस रिकाम्या शाळेत नुसतं टेबलाशी बसावं लागतं. याला ते लोक 'डेस्क वॉर्मिंग' म्हणतात. आपलं 'खुर्ची उबवणं' म्हणजे अगदी तेच! पण तिच्या हक्काच्या रजाही शिल्लक होत्या, हे मला नंतर कळलं.

नाताळच्या आधीच्या शनिवारी ती मला यांगह्वाजिनला घेऊन गेली. हान नदीच्या काठी परदेशी लोकांची जुनी दफनभूमी आहे. बोचरा वारा, नाक लाल झालेलं, हातात भाजलेलं रताळं. (तिथे हिवाळ्यात रस्त्यावर गरम रताळी मिळतात. उपासाची आठवण झाली.) एका दगडापाशी थांबून म्हणाली, "हे आमचे मूळपुरुष."

होमर हल्बर्ट. मला नावही ठाऊक नव्हतं. परत आल्यावर बरंच वाचलं, आणि हा माणूस डोक्यातून जाईना.

कोरियाने १८८२ साली अमेरिकेशी करार केला, तोवर दरबारात इंग्रजी जाणणारं कुणी नव्हतंच म्हणा ना. आधी दुभाषे तयार करायला एक छोटी शाळा निघाली. मग १८८६ मध्ये राजा कोजोंगने सरदार-अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी सरकारी इंग्रजी शाळा काढली आणि अमेरिकेहून तीन तरुण मास्तर मागवले. हल्बर्ट त्यातला एक, वय तेवीस. आपल्याकडे पुण्यात चिपळूणकर-टिळकांनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं ते १८८० साली, म्हणजे काळ साधारण तोच. फरक एवढाच, की आपण वाघिणीचं दूध परक्या राज्यात पीत होतो आणि कोरिया ते मागवत होता राज्य वाचवायला.

शाळा फार चालली नाही. अधिकारी विद्यार्थी कचेरीतल्या कामाची सबब सांगून दांड्या मारत. १८९४ मध्ये ती बंद पडली. पण मास्तर मात्र शिकला. इंग्रजी शिकवायला आलेल्या या माणसाला कोरियन लिपीने, हंगुलने, वेड लावलं. राजा सेजोंगने पंधराव्या शतकात करवलेली ही सोपी, सुंदर लिपी, पण शिकलेली मंडळी चिनी अक्षरांतच लिहीत आणि हिला कमी लेखत. हल्बर्टने जगाच्या भूगोलाचं पाठ्यपुस्तक लिहिलं ते पूर्णपणे हंगुलमध्ये. नावाचा अर्थ साधारण असा, की विद्वान आणि सामान्य दोघांनीही जाणावं असं.

ऑक्टोबर १८९५ मध्ये जपान्यांनी घडवून आणलेल्या हल्ल्यात राणीची राजवाड्यातच हत्या झाली. राजाला वाटे, पुढचा नंबर आपला. तेव्हा काही अमेरिकन मिशनरी आणि मास्तर रात्री पाळीपाळीने त्याच्या जवळ बसत, परदेशी साक्षीदारांसमोर कुणी हात टाकणार नाही म्हणून. त्यात हल्बर्टही होता. वर्गात 'एबीसीडी' शिकवायला आलेला माणूस राजाच्या पहाऱ्याला! १९०५ मध्ये जपानने कोरियाचे परराष्ट्र व्यवहार हातात घेतले, तेव्हा राजाचं पत्र घेऊन वॉशिंग्टनला तोच गेला, आणि करार होऊन जाईपर्यंत त्याला तिथे कुणी दाद दिली नाही. १९०७ मध्ये हेगच्या परिषदेत कोरियाची बाजू मांडण्याच्या खटपटीतही तो होता. तीही फसली.

आणि गंमत बघा (गंमत कसली म्हणा!), १९०५ चा तो करार पुढे रेटणारा मंत्री आणि १९१० मध्ये देश जपानच्या हवाली करणाऱ्या करारावर सही करणारा पंतप्रधान एकच, यी वान-योंग. कोरियात आजही गद्दार म्हटलं की त्याचं नाव येतं. तो इंग्रजी शिकला कुठे? हल्बर्टच्याच शाळेत. मास्तरच्या हातात काय असतं, हा प्रश्न मला तेव्हापासून छळतो. मीही पंचवीस वर्षं शिकवलंय.

१९४९ मध्ये स्वतंत्र कोरियाने हल्बर्टला पाहुणा म्हणून बोलावलं. वय शहाऐंशी. सोलला पोचला आणि आठवड्याभरात गेला. कोरियातच पुरलं जावं ही त्याची इच्छा होती, ती दगडावर कोरली आहे.

मी भाचीला म्हटलं, "म्हणजे तूही इथेच राहणार की काय?"

ती हसली नाही. म्हणाली, "मावशी, मला आधी एका खाजगी क्लासने फोटो बघून नाकारलं होतं. पासपोर्ट कॅनडाचा, पण चेहरा इंग्रजीच्या टीचरचा नाही म्हणे. या शाळेतल्या मुलांनी पहिल्या दिवशी विचारलं, तुम्ही कुठल्या? मी फळ्यावर माझं नाव देवनागरीत लिहिलं. मग त्यांनी त्यांची नावं हंगुलमध्ये लिहून मला वाचायला लावली. तास संपला, इंग्रजी राहूनच गेलं." जरा थांबून म्हणाली, "आणि घरी गेले की बाबांची खुर्ची दिसते."

खरं कारण हे होतं तर. आम्ही बराच वेळ तशाच उभ्या होतो. रताळं गार झालं.

रात्री ताईला फोन केला. शाळेचं, मुलांचं, हंगुलचं सगळं सांगितलं. खुर्चीचंही सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मार्चमध्ये शाळेचं नवं वर्ष सुरू होतं ना तिथे? त्याआधी मीच येते. थंडी फार असते का गं?"

म्हटलं, स्वेटर दोन आण.