नंबर प्लेट आणि दोनशे फूट

अमेरिकेत सिग्नलला थांबलं की पुढच्या गाडीची नंबर प्लेट वाचायची मला खोड आहे. टेक्सासात 'डिसेबल्ड व्हेटरन' लिहिलेल्या प्लेट्स बऱ्याच दिसतात. म्हटलं, ही प्लेट मिळते तरी कुणाला? नियम वाचायला बसलो आणि अख्खा शनिवार त्यात गेला!

गोष्ट प्लेटच्या नाही, गाडीच्या मदतीपासून सुरू होते. ऑगस्ट १९४६ च्या कायद्याने, दुसऱ्या महायुद्धात घोट्यापासून किंवा त्याच्या वर पाय गमावलेल्या (अथवा निकामी झालेल्या) सैनिकाला गाडी घ्यायला १६०० डॉलरपर्यंत मदत मिळू लागली. निकष सरळ: पाय गेला, गाडी घ्या. १९५१ मध्ये ट्रूमनचा व्हेटो बाजूला सारून अमेरिकन काँग्रेसने त्यात हात गमावलेले आणि दोन्ही डोळे अधू झालेले सैनिकही घेतले. आता आंधळा माणूस गाडी चालवणार नाही हे उघड आहे. चालवणार त्याची बायको नाहीतर भाऊ. म्हणजे 'याला चालता येतं का?' हा प्रश्न मागे पडून 'याने काय गमावलं?' हा पुढे आला.

टेक्सासची प्लेट याच दुसऱ्या प्रश्नावर मिळते. लष्करी सेवेमुळे किमान ५० टक्के अपंगत्व हवं. पाय कापावा लागला असेल तर ४० टक्के पुरतात. हे टक्केही गमतीचे. ५० आणि ३० मिळून ८० होत नाहीत! आधी ५० काढायचे, उरलेल्या ५० चे ३० टक्के म्हणजे १५. एकूण ६५, ते दहाच्या पटीत ७०.

पार्किंगचा हिशोब वेगळा. १९९१ च्या फेडरल नियमांतला एक निकष असा: विश्रांतीसाठी न थांबता २०० फूट चालता येत नाही. इथे पुन्हा पहिला प्रश्न.

टेक्सासात २०२१ अखेरपर्यंत हे दोन्ही एकत्र होतं. युद्धाच्या मानसिक आघातासाठी ५० टक्के मिळालेला, पण ठणठणीत चालणारा माजी सैनिकही व्हीलचेअरवाल्यांच्या जागेत गाडी लावू शकायचा. आम्हा प्रोग्रामर लोकांच्या भाषेत, एकाच कॉलममध्ये दोन फ्लॅग. भुर्दंड कुणाला? रॅम्पच्या व्हॅनमधून आलेल्याला. शेजारची पट्ट्यांची मोकळी जागा नसेल तर तो गाडीतून उतरूच शकत नाही. असा माणूस बरेचदा स्वतःच माजी सैनिक असतो.

१ जानेवारी २०२२ पासून टेक्सासात या जागांसाठी व्हीलचेअरचं चिन्ह सक्तीचं झालं. चालायला त्रास असलेल्या माजी सैनिकाला त्याच्या खास प्लेटवर ते चिन्ह घेता येतं, पण त्यासाठी वेगळा पुरावा द्यावा लागतो. शरीराने आधीच पिचलेल्या माणसाला आणखी एक फॉर्म, हे मला खटकतं. तरीही बदल योग्यच वाटतो. सरकारी पार्किंगच्या पैशांची माफी साध्या प्लेटलाही राहिली आहे. सन्मान म्हणून पैसे माफ करावेत, कितीही करावेत. जागा मात्र मोजकीच असते, ती ज्याला दोनशे फूट जड जातात त्याला मिळावी.