वर्गणी न देणारीचं काय करायचं?

मागच्या महिन्यात आमच्या एका गटाची बैठक चांगलीच तापली. पाणंद रस्त्यासाठी गटातल्या बायकांनी पन्नास-पन्नास रुपये काढून तहसीलला खेटे घातले होते. रस्ता झाला. आता ज्यांनी रुपया दिला नाही, त्यांच्याही गाड्या त्यावरून जातात. "त्यांच्याकडून वसूल करा," एक ताई म्हणाल्या. दुसरी म्हणाली, "जबरदस्ती कशी करणार?"

याच भांडणावरून अमेरिकेत कित्येक वर्षं राजकारण चाललंय.

1935 मध्ये तिथे वॅगनर कायदा आला. बहुसंख्य कामगारांनी निवडलेली संघटना सगळ्यांच्या वतीने मालकाशी बोलणार, असं ठरलं. म्हणजे सभासद नसलेल्यालाही पगारवाढ. मग संघटना मालकाकडून लिहून घेऊ लागल्या, की काम हवं तर सभासद व्हा. काही ठिकाणी तर आधी सभासद, मगच नोकरी. महायुद्ध संपल्यावर 1946 मध्ये लाखो कामगार संपावर गेले. लोक वैतागले, आणि त्याच वर्षी रिपब्लिकन पक्षाने संसदेची दोन्ही सभागृहं जिंकली. 1947 मध्ये टाफ्ट-हार्टले कायदा झाला. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचा नकारही संसदेने मोडून काढला. 'आधी सभासद, मग नोकरी' बंद झालं. वर्गणीची सक्तीच नको, असं ठरवायची मुभा राज्यांना मिळाली.

अशा राज्यांच्या कायद्यांना तिथे 'कामाचा हक्क' म्हणतात. आपल्याला हे शब्द ऐकले की 1977चा रोजगार हमी कायदा आठवतो, मागेल त्याला काम. तिथे कामाची हमी नाहीच, वर्गणी न भरता नोकरी टिकवण्याचा हक्क एवढाच अर्थ. दक्षिणेत या कायद्यांसाठी फिरणाऱ्या व्हान्स म्यूज या माणसाला धास्ती होती, की संघटनेत गोरे-काळे एकत्र बसतील. मार्टिन ल्यूथर किंगही या नावाला फसवं म्हणत.

पण विरोध करणारे सगळे म्यूजसारखे नव्हते, हेही सांगायला हवं. इलिनॉय राज्यात पामेला हॅरिस ही आई आपल्या अपंग मुलाला घरी सांभाळायची, सरकारी योजनेतून तिला मोबदला मिळायचा. अशा घरकाळजी करणाऱ्यांच्या एका योजनेत संघटना आली होती आणि सभासद नसलेल्यांच्याही मोबदल्यातून तिचा वाटा कापला जायचा. माझ्या घरात संघटना कशाला, म्हणून हॅरिस कोर्टात गेली. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ही सक्ती रद्द केली. विरोधात मत देणाऱ्या न्यायाधीश एलिना केगन यांनी दाखवून दिलं, की संघटनेमुळे दहा वर्षांच्या आत तासाची मजुरी सातवरून तेरा डॉलर झाली होती. 2018 मध्ये सगळ्याच सरकारी नोकरांची सक्ती गेली.

मला हॅरिसची बाजू समजते. तरी तेरा डॉलर घ्यायचे आणि वाटा द्यायचा नाही, हे माझ्या पचनी पडत नाही. तिथेही मिटलेलं नाही. 2012 मध्ये 'कामाचा हक्क' आणणाऱ्या मिशिगनने 2023 मध्ये तो मागे घेतला.

हे सगळं मी बैठकीत सांगितलं. वसुलीवाल्या ताई थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "बरं, पण माझ्या जावेकडे पैसे मागायला कोण जाणार?"