रसायनोपचार, परिचारिका आणि आंतरजाल : गांधीबागेच्या संदर्भात एक विचार

नागपूरच्या जुन्या शहरात, इतवारी व महाल या भागांना लागून असलेली गांधीबाग कापडाच्या घाऊक व्यापारासाठी विदर्भात प्रसिद्ध आहे. औषधांचा घाऊक बाजारही गांधीबाग-गंजीपेठ याच परिसरात भरतो. तेथून सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूने रेल्वेस्थानकाकडे निघाले असता थोड्याच अंतरावर मेयो रुग्णालय लागते. औषधाचे दुकान व रुग्णालयाची खाट यांमधील हे अंतर अल्प आहे. परंतु औषध घेऊन घरी परतलेला रुग्ण व त्याच्या प्रकृतीवर नजर ठेवणारी परिचारिका यांमधील अंतर गेल्या काही दशकांत वाढत गेले. ते कसे वाढले व आंतरजालाने ते कितपत भरून निघाले, हे कर्करोगावरील रसायनोपचारांच्या इतिहासावरून पाहणे उद्बोधक ठरेल.

विसाव्या शतकाच्या आरंभी नागपुरात पुरुषांसाठी मेयो व स्त्रियांसाठी डफरिन ही दोन प्रमुख रुग्णालये होती. मेयोच्या आधाराने १९१४ साली रॉबर्टसन वैद्यकीय विद्यालय सुरू झाले. १९४७ साली शहराला वैद्यकीय महाविद्यालय लाभले, आणि पुढे १९६८ साली मेयोलाही महाविद्यालयाची जोड मिळाली. डॉक्टरांच्या शिक्षणाची व्यवस्था याप्रमाणे वाढत गेली. परिचारिकांची उणीव मात्र देशभर कायम राहिली. भोर समितीच्या १९४६ सालच्या अहवालानुसार ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ६,३०० लोकसंख्येमागे एक डॉक्टर, तर ४३,००० लोकसंख्येमागे एकच परिचारिका होती. तथापि त्या काळी गंभीर रुग्ण खाटेवर असे, आणि ज्यांना आपल्याकडे सर्रास ‘सिस्टर’ म्हणतात त्या परिचारिकेच्या फेऱ्या ठरलेल्या असत. ताप चढला, जेवण सुटले, हातापायांना सूज आली, तर ते प्रथम तिच्या ध्यानात येई.

रसायनोपचारांचा जन्म याच सुमाराचा. अमेरिकेतील येल विद्यापीठात गुडमन व गिलमन यांनी १९४२ साली नायट्रोजन मस्टर्ड या द्रव्याचा प्रयोग कर्करोगाच्या रुग्णावर केला. १९४८ साली सिडनी फार्बर यांनी बालकांच्या रक्तकर्करोगावर अमिनॉप्टेरिनचा परिणाम दाखवून दिला. हे औषध ज्या प्रयोगशाळेत सिद्ध झाले, तेथील संशोधनाचे नेतृत्व आंध्रातून गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होते, ही गोष्ट भारतीय वाचकाने विसरू नये. आरंभीची ही औषधे इतकी त्रासदायक होती की रुग्णाला रुग्णालयात ठेवल्यावाचून गत्यंतर नसे. १९९० नंतर ऑन्डॅन्सेट्रॉनसारखी वांती रोखणारी प्रभावी औषधे उपलब्ध झाली. त्यामुळे सकाळी सलाईनमधून औषध घ्यावे व सायंकाळी घरी जावे, ही पद्धती रूढ होऊ लागली.

या सोयीची एक बाजू दुर्लक्षित राहिली. रसायनोपचारांचा खरा धोका औषध देण्याच्या दिवशी नसतो. बहुधा ७ ते १४ दिवसांनी रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात तेव्हा तो उद्भवतो. त्या काळात ३८ अंश सेल्सिअसचा ताप हीसुद्धा तातडीची अवस्था होय. काही तासांचा विलंबही प्राणघातक ठरू शकतो. नेमक्या याच दिवसांत रुग्ण घरी असतो. विदर्भाच्या वैशाखात अंग तापले तर ‘ऊन लागले’ असे समजून कांद्याचा रस व कैरीचे पन्हे देणे स्वाभाविक. उन्हाचा ताप व जंतुसंसर्गाचा ताप यांतील भेद घरच्यांनी कसा ओळखावा? शहरातील कर्करोगाचे उपचार मुख्यतः शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय व जामठा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्था या ठिकाणी, म्हणजे शहराच्या दक्षिणेकडे होतात. गांधीबागेतील रुग्णाला ते दूर नव्हे. गडचिरोली किंवा बालाघाटच्या रुग्णाला मात्र रात्रीच्या तापाची विचारणा करण्यास जवळ कोणीच नसते.

हे अंतर तंत्राने सांधता येते काय, याची कसोटी न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग संस्थेत एथन बॅश व त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतली. पसरलेल्या कर्करोगावर रसायनोपचार घेणाऱ्या ७६६ रुग्णांची त्यांनी दोन गटांत विभागणी केली. एका गटाने आपली १२ लक्षणे आंतरजालावर नोंदवावयाची. लक्षण तीव्र होताच परिचारिकेला सूचना जाई. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार या गटाचे मध्यगत आयुर्मान ३१.२ महिने, तर नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांचे २६ महिने होते. संगणकाची सवय नसलेल्या रुग्णांना अनेक बाबतींत अधिक लाभ झाला, हेही या अभ्यासात आढळले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, पाच युरोपीय देशांतील ८२९ रुग्णांच्या अभ्यासातही अशा देखरेखीने लक्षणांचा भार कमी राहिल्याचे दिसले. दोन्ही ठिकाणी यंत्राने केवळ निरोप पोहोचविला. तो वाचून रुग्णाशी बोलणे, औषध बदलण्याविषयी डॉक्टरांना सांगणे, रुग्णालयात येण्यास सुचविणे, हे कार्य माणसांनीच केले.

भारतातील घटना थोड्या निराळ्या वळणाने गेल्या. २५ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या प्रारंभीच, दूरवैद्यक सेवेचे मार्गदर्शक नियम प्रसिद्ध झाले, आणि १३ एप्रिलला ‘ई-संजीवनी’ची घरबसल्या सल्ला देणारी शाखा सुरू झाली. या नियमांत सल्ला देण्याचा अधिकार नोंदणीकृत डॉक्टरांना दिला असून परिचारिका ही रुग्णाला डॉक्टरांशी जोडून देणारी मध्यस्थ मानली आहे. म्हणजे न्यूयॉर्कच्या प्रयोगात परिचारिका तारेच्या रुग्णालयाकडील टोकास होती. आपल्याकडे ती रुग्णाकडील टोकास उभी आहे. खेड्यातील उपकेंद्राच्या दृष्टीने ही रचना उपयुक्त आहे यात शंका नाही. परंतु रसायनोपचारांच्या दहाव्या दिवशी, मध्यरात्री, घरून आलेला निरोप वाचण्यास रुग्णालयात नेमके कोण बसले आहे, हा प्रश्न तिने सुटत नाही.

भोर समितीने दाखविलेली उणीव यंत्रांच्या आगमनाने आपोआप भरून निघत नाही. आंतरजालाने परिचारिकेची फेरी गावोगावी नेणे शक्य झाले. पण फेरी घेणारी परिचारिका, तिला त्या कामासाठी दिलेला वेळ व तिच्या निर्णयाला दिलेली मान्यता यांवाचून ती फेरी निघणार नाही. गांधीबागेतील दुकानातून निघालेले औषध आज विदर्भाच्या टोकापर्यंत पोहोचते. त्याच्यामागून सिस्टरचा आवाजही तेथवर पोहोचावा, इतकीच अपेक्षा येथील रुग्णसेवेच्या इतिहासातून निष्पन्न होते.