ट्रॅकवरील धावपटू आणि मॅरेथॉन

ट्रॅकवरील मध्यम व लांब पल्ल्याच्या शर्यतींत (१,५०० मीटर, ३,००० मीटर स्टीपलचेस, ५,००० मीटर व १०,००० मीटर) नाव मिळवलेल्या धावपटूंनी पुढे मॅरेथॉनकडे वळणे, हा ॲथलेटिक्समधील जुना प्रघात आहे. मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर असून ४०० मीटरच्या ट्रॅकवर ते साडेएकशेपाच फेऱ्यांइतके भरते. जगातील अनेक श्रेष्ठ मॅरेथॉनपटू मूळचे ट्रॅकवरील विजेते होते. तथापि ट्रॅकवरील प्रत्येक विजेता मॅरेथॉनमध्ये यशस्वी झालेला नाही. महाराष्ट्रात या स्थित्यंतराची ठळक उदाहरणे म्हणजे नाशिक जिल्ह्यातील कविता राऊत, सातारा जिल्ह्यातील ललिता बाबर आणि बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे ही होत. यांपैकी राऊत ट्रॅकवरून मॅरेथॉनकडे गेल्या, बाबर यांचा प्रवास उलट दिशेने झाला, तर साबळे यांनी स्टीपलचेसबरोबरच अर्धमॅरेथॉनमध्येही उत्तम वेळ नोंदवली.

पार्श्वभूमी

मराठी मुलखाचा ऑलिंपिक मॅरेथॉनशी संबंध १९२० पासूनचा आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने भरवलेल्या क्रीडास्पर्धा व दोराबजी टाटा यांचा पुढाकार यांतून भारताचे पथक त्या वर्षी अँटवर्पला गेले. त्यात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. अँटवर्पची मॅरेथॉन प्रमाणित अंतरापेक्षा लांब, म्हणजे ४२.७५ किलोमीटरची होती. चौगुले यांनी ती २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत पूर्ण करून १९वे स्थान मिळवले.

पुढील काळात या प्रकारातील भारताची सर्वांत मोठी कामगिरी बिहारमधील बक्सरचे सैनिक धावपटू शिवनाथ सिंग यांनी केली. ते मुळात ट्रॅकवरचे धावपटू होते. १९७४ च्या तेहरान आशियाई स्पर्धेत त्यांनी ५,००० मीटरमध्ये सुवर्ण व १०,००० मीटरमध्ये रौप्यपदक जिंकले. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये ते बराच काळ आघाडीच्या गटात राहून ११वे आले. त्यांची वेळ २ तास १६ मिनिटे २२ सेकंद होती. १९७८ मध्ये जालंधर येथे त्यांनी नोंदवलेला २ तास १२ मिनिटांचा राष्ट्रीय विक्रम ४० वर्षांहून अधिक काळ टिकला.

माँट्रियलची ही शर्यत प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने बोधप्रद आहे. विजेते पूर्व जर्मनीचे वाल्डेमार सिएर्पिन्स्की हे पूर्वाश्रमीचे स्टीपलचेस धावपटू होते. दुसरे आलेले अमेरिकेचे फ्रँक शॉर्टर यांनी १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटरच्या अंतिम शर्यतीत पाचवे स्थान मिळवले होते. फिनलंडचे लासे विरेन यांनी माँट्रियलमध्येच ५,००० व १०,००० मीटरची सुवर्णपदके जिंकली आणि लगेच मॅरेथॉन धावून पाचवे स्थान मिळवले.

महिलांना ही वाट उशिरा खुली झाली. ऑलिंपिकमध्ये महिलांची मॅरेथॉन १९८४ मध्ये, १०,००० मीटरची शर्यत १९८८ मध्ये आणि ३,००० मीटर स्टीपलचेस २००८ मध्ये समाविष्ट झाली.

दोन प्रकारांतील शारीरिक फरक

लांब पल्ल्याच्या धावपटूची क्षमता प्रामुख्याने तीन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली, शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते. दुसरी, त्यांपैकी किती मोठा वाटा दीर्घकाळ वापरता येतो. आणि तिसरी, ठरावीक वेगाने धावण्यासाठी किती ऊर्जा खर्च होते. ५,००० मीटरची शर्यत पहिल्या क्षमतेच्या अगदी जवळ धावली जाते. मॅरेथॉनमध्ये दुसऱ्या व तिसऱ्या गोष्टीचे महत्त्व वाढते.

याखेरीज मॅरेथॉनमध्ये एक नवाच प्रश्न उभा राहतो, तो इंधनाचा. स्नायू व यकृत यांत साठवलेले ग्लायकोजेन वेगवान धावण्याला साधारणतः दीड ते दोन तास पुरते. त्यामुळे ३० ते ३५ किलोमीटरच्या सुमारास अनेक धावपटूंचा वेग एकाएकी कोसळतो. १०,००० मीटरची शर्यत अर्ध्या तासाच्या आसपास संपत असल्याने ट्रॅकवरील धावपटूला हा अनुभव कधीच येत नाही. धावता धावता साखरयुक्त पेय घेणे व ते पचवणे, हे कौशल्य त्याला नव्याने शिकावे लागते.

तिसरा फरक हवामान व रस्ता यांचा. ट्रॅकवरील मोठ्या शर्यती बहुधा संध्याकाळी सपाट कृत्रिम पृष्ठभागावर होतात. मॅरेथॉनमध्ये डांबरी रस्ता, चढउतार, ऊन व दमटपणा दोन-अडीच तास सोसावा लागतो. मुंबई, ठाणे, भिवंडी, वसई या कोकणपट्टीत दमट हवेमुळे घाम लवकर वाळत नाही आणि शरीराचे तापमान वाढते. २००४ पासून होत असलेली मुंबई मॅरेथॉन जानेवारीत पहाटे सुरू करण्यामागे हेच कारण आहे. तिच्या उत्तरार्धातील पेडर रोडचा चढ दमलेल्या धावपटूंची कसोटी पाहतो.

जागतिक उदाहरणे

चेकोस्लोव्हाकियाचे एमिल झाटोपेक यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५,००० मीटर, १०,००० मीटर व मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदके जिंकली. ती त्यांच्या आयुष्यातील पहिलीच मॅरेथॉन होती. इथिओपियाचे हाइले गेब्रसेलासी १९९६ व २००० मध्ये १०,००० मीटरचे ऑलिंपिक विजेते होते. त्यांनी २००७ व २००८ मध्ये बर्लिन येथे मॅरेथॉनचा जागतिक विक्रम केला. केनियाचे एलिउद किपचोगे २००३ मध्ये ५,००० मीटरचे विश्वविजेते झाले. २०१२ च्या ऑलिंपिकसाठी केनियाच्या संघात निवड न झाल्यावर ते रस्त्यावरील शर्यतींकडे वळले आणि पुढे २०१६ व २०२१ मध्ये ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकले. नेदरलँड्सच्या सिफान हसन यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५,००० व १०,००० मीटरमध्ये कांस्य आणि मॅरेथॉनमध्ये सुवर्णपदक मिळवले.

हे स्थित्यंतर सर्वांना सारखेच सोपे गेले नाही. ब्रिटनचे मो फराह २०१४ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये आठवे आले व पुन्हा ट्रॅककडे परतले. शिकागो येथील विजय त्यांना २०१८ मध्ये मिळाला. इथिओपियाचे केनेनिसा बेकेले यांनी २०१४ मध्ये पॅरिसची पहिलीच मॅरेथॉन जिंकली, परंतु पुढच्या वर्षी दुबईत त्यांना शर्यत सोडावी लागली. त्यांची सर्वोत्तम वेळ २०१९ मध्ये, म्हणजे पाच वर्षांनी आली. युगांडाचे जोशुआ चेप्टेगेई ५,००० व १०,००० मीटरचे जागतिक विक्रमवीर असतानाही २०२३ मध्ये व्हॅलेन्सिया येथील पहिल्या मॅरेथॉनमध्ये ३७वे आले. याउलट, केनियाचे केल्विन किप्टम यांनी ट्रॅकवरील कारकीर्द नसतानाही २०२३ मध्ये शिकागो येथे २ तास ३५ सेकंद असा जागतिक विक्रम नोंदवला.

महाराष्ट्रातील धावपटू

कविता राऊत

नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरील कविता राऊत ‘सावरपाडा एक्सप्रेस’ या नावाने ओळखल्या जातात. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. राष्ट्रकुल स्पर्धेत ट्रॅकवर वैयक्तिक पदक जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत त्यांनी १०,००० मीटरमध्ये रौप्य व ५,००० मीटरमध्ये कांस्यपदक जिंकले. तेथील १०,००० मीटरमधील त्यांची वेळ ३१ मिनिटे ५१.४४ सेकंद होती. सुवर्णविजेत्या प्रीजा श्रीधरन त्यांच्यापेक्षा एका सेकंदाहून कमी फरकाने पुढे होत्या. २०१२ मध्ये राऊत यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.

मॅरेथॉनकडे त्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात वळल्या. २०१६ च्या गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई स्पर्धेत त्यांनी २ तास ३८ मिनिटे ३८ सेकंदांत सुवर्णपदक मिळवले आणि रिओ ऑलिंपिकची पात्रता गाठली. रिओमध्ये मात्र त्या २ तास ५९ मिनिटे २९ सेकंदांसह १२०व्या आल्या.

ललिता बाबर

सातारा जिल्ह्यातील माण या अवर्षणप्रवण तालुक्यातील मोही हे ललिता बाबर यांचे गाव. त्यांनी मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिला गटाचे विजेतेपद सलग तीनदा (२०१३ ते २०१५) पटकावले. २०१५ मधील वेळ २ तास ३८ मिनिटे २१ सेकंद होती. रस्त्यावर कमावलेला दम त्यांनी ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये वापरला. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत कांस्य व २०१५ च्या वुहान आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्णपदक त्यांना मिळाले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ९ मिनिटे १९.७६ सेकंद या तत्कालीन राष्ट्रीय विक्रमासह त्या अंतिम फेरीत पोहोचल्या आणि दहाव्या आल्या. १९८४ मधील पी. टी. उषा यांच्यानंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरील शर्यतीची अंतिम फेरी गाठणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत.

अविनाश साबळे

बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात मांडवा येथे जन्मलेले अविनाश साबळे बारावीनंतर सैन्याच्या महार रेजिमेंटमध्ये दाखल झाले. ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्यांनी २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. २०२४ मध्ये पॅरिस डायमंड लीगमध्ये त्यांनी ८ मिनिटे ९.९१ सेकंद ही वेळ नोंदवली. त्याआधी नोव्हेंबर २०२० मध्ये दिल्ली अर्धमॅरेथॉन त्यांनी १ तास ३० सेकंदांत पूर्ण करून राष्ट्रीय विक्रम केला होता.

वेगाची तुलना

ट्रॅकवरील वेग मॅरेथॉनमध्ये किती टिकतो, हे पाहण्यासाठी १०,००० मीटर व मॅरेथॉन यांतील दर किलोमीटरच्या वेळेची तुलना करता येते.

• एलिउद किपचोगे: १०,००० मीटरमध्ये २ मिनिटे ४१ सेकंद, मॅरेथॉनमध्ये २ मिनिटे ५२ सेकंद, वाढ सुमारे ७ टक्के.
• सिफान हसन: २ मिनिटे ५५ सेकंद व ३ मिनिटे १० सेकंद, सुमारे ९ टक्के.
• केनेनिसा बेकेले: २ मिनिटे ३८ सेकंद व २ मिनिटे ५३ सेकंद, सुमारे १० टक्के.
• जोशुआ चेप्टेगेई (पहिली मॅरेथॉन): २ मिनिटे ३७ सेकंद व ३ मिनिटे ३ सेकंद, सुमारे १७ टक्के.
• कविता राऊत (ग्वांगझू २०१० व गुवाहाटी २०१६): ३ मिनिटे ११ सेकंद व ३ मिनिटे ४६ सेकंद, सुमारे १८ टक्के.

या आकड्यांवरून असे दिसते, की यशस्वी स्थित्यंतरात ही वाढ १० टक्क्यांच्या आत राहते. राऊत यांच्या ग्वांगझूमधील वेगात ९ टक्के वाढ धरल्यास मॅरेथॉनची वेळ सुमारे २ तास २६ मिनिटे ३० सेकंद येते. ही वेळ २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी महिलांना ठरवलेल्या २ तास २६ मिनिटे ५० सेकंद या पात्रता निकषाच्या आत आहे. म्हणजेच आवश्यक मूळ वेग महाराष्ट्रातील धावपटूकडे २०१० मध्येच होता. उणीव होती ती तो वेग ४२ किलोमीटर टिकवण्याच्या तयारीची.

ही तुलना अर्थातच ढोबळ आहे. राऊत यांच्या दोन शर्यतींत पाच वर्षांहून अधिक अंतर आहे, तसेच पदकासाठी धावल्या जाणाऱ्या स्पर्धेत वेळेपेक्षा स्थानाला महत्त्व असते. २०१७ नंतर प्रचारात आलेल्या कार्बन पट्टीच्या बुटांमुळे वेगवेगळ्या काळांतील वेळांची थेट तुलनाही जपून करावी लागते.

स्थित्यंतरातील अडचणी

ट्रॅकवरील धावपटू वर्षभरात अनेक शर्यती धावू शकतो. मॅरेथॉनपटूला मात्र वर्षाकाठी दोन किंवा तीनच पूर्ण शर्यती झेपतात. त्यामुळे चुकांतून शिकण्याची संधी कमी मिळते. बेकेले यांना लागलेली पाच वर्षे या दृष्टीने अपवादात्मक म्हणता येत नाहीत. भारतात मात्र अनेकदा ट्रॅकवरील उमेदीची वर्षे सरल्यानंतरच मॅरेथॉनचा विचार होतो.

दुसरी बाब अर्थकारणाची आहे. आशियाई व राष्ट्रकुल स्पर्धांतील पदकांशी सरकारी नोकरी व रोख पुरस्कार जोडलेले असतात, आणि ही पदके भारतीय धावपटूंना ट्रॅकवर मिळण्याची शक्यता अधिक असते. रस्त्यावरील शर्यतींत रोख बक्षिसे मिळतात. परंतु कोरडवाहू गावातून वा पाड्यावरून आलेला धावपटू या बक्षिसांवर अवलंबून राहिल्यास त्याला वारंवार शर्यती धावाव्या लागतात आणि एकाच मोठ्या मॅरेथॉनसाठी दीर्घ तयारी करणे अवघड होते.

बदलते निकष

रिओ ऑलिंपिकसाठी महिला मॅरेथॉनचा पात्रता निकष २ तास ४५ मिनिटे होता. टोकियोसाठी तो २ तास २९ मिनिटे ३० सेकंद करण्यात आला. पुरुषांसाठी टोकियोचा निकष २ तास ११ मिनिटे ३० सेकंद, तर पॅरिसचा २ तास ८ मिनिटे १० सेकंद होता. टोकियोचे दोन्ही निकष तत्कालीन भारतीय राष्ट्रीय विक्रमांपेक्षा वेगवान होते. त्या वेळी महिलांचा विक्रम केरळच्या ओ. पी. जैशा यांच्या नावावर होता; त्यांनी २०१५ मध्ये बीजिंग येथे २ तास ३४ मिनिटे ४३ सेकंद ही वेळ नोंदवली होती. जैशा यादेखील मूळच्या ट्रॅकवरील धावपटू असून १,५०० मीटरमध्ये आशियाई स्पर्धेचे कांस्यपदक त्यांनी मिळवले आहे.

निकष कडक होत गेल्याने केवळ दमदारपणावर ऑलिंपिक मॅरेथॉन गाठणे दुरापास्त झाले आहे. पॅरिसच्या निकषासाठी पुरुष धावपटूला दर किलोमीटर सुमारे ३ मिनिटे २ सेकंदांत धावावे लागते. साबळे यांनी अर्धमॅरेथॉनमध्ये राखलेला वेग दर किलोमीटर २ मिनिटे ५२ सेकंद होता. ट्रॅकवरील वेग ही आजच्या मॅरेथॉनची पूर्वअट ठरत असून, त्या वेगाला रस्त्यावरील काही वर्षांच्या तयारीची जोड वेळीच मिळते की नाही, यावर पुढील यश अवलंबून राहते.

हे सुद्धा पहा

• कविता राऊत
• ललिता बाबर
• अविनाश साबळे
• शिवनाथ सिंग
• मुंबई मॅरेथॉन